भीती टॉवरची, फोन मात्र कानाशी

परवा ओपीडीत एक आजी नातवाला खोकल्यासाठी घेऊन आल्या. तपासून झाल्यावर म्हणाल्या, "डॉक्टर, समोरच्या इमारतीवर मोबाइलचा टॉवर बसतोय. सोसायटीत सगळ्यांचा विरोध आहे. पोराच्या डोक्याला काही होणार नाही ना?" नातू तेव्हा त्यांचाच मोबाइल कानाला लावून आईशी बोलत होता.

ही भीती जुनी आहे. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओ लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकले. पुरावा अपुरा असला, पण शंका पूर्णपणे फिटलेली नसली, की हा गट मिळतो. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही त्याच गटात आहे. पुढे २०२४ मध्ये याच संघटनेने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही; दहा वर्षांहून अधिक काळ वापरणाऱ्यांमध्येही नाही.

क्ष-किरणांप्रमाणे या लहरी पेशीतील डीएनए तोडू शकत नाहीत. त्या तीव्र असतील तर ऊती किंचित तापतात. म्हणूनच १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात हँडसेटसाठी 'सार', म्हणजे शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची मर्यादा, किलोला १.६ वॅट ठरवली आहे. टॉवरसाठीची मर्यादा तर आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे.

खरी मेख अंतरात आहे. अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता साधारण एक चतुर्थांश होते. टॉवर कित्येक मीटर दूर असतो, फोन मात्र कानाला चिकटलेला. त्यातच नेटवर्क क्षीण असले की टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी फोन आपली शक्ती वाढवतो. म्हणजे टॉवर हुसकावून लावला, तर आपल्याच डोक्याजवळचा फोन अधिक जोर लावणार!

तरीही काळजी वाटत असेल, तर उपाय फुकटचे आहेत. लांबलचक बोलणे इअरफोन किंवा स्पीकरवर करा. लिफ्ट, तळघर किंवा घाटात रेंज नसेल, तर फोन थोडा वेळाने करा. झोपताना तो उशाखाली नको. मुलांना फोन कानाला लावण्याऐवजी स्पीकरवर बोलायची सवय लावा. 'रेडिएशन रोखणारे' स्टिकर मात्र घेऊ नका. त्यांनी सिग्नल अडला, तर फोन उलट शक्ती वाढवेल.

आजींना मी एवढेच सांगितले, "टॉवरची चिंता सोडा, नातवाला स्पीकरवर बोलू द्या. आणि त्याचे बाबा दुचाकी चालवताना फोन खांद्यात धरून बोलत असतील, तर ते आजच थांबवा."

मोबाइलच्या लहरींनी आजारी पडलेला रुग्ण मी अजून पाहिलेला नाही. गाडी चालवताना फोनवर बोलणारे मात्र आमच्या अपघात विभागात येतच असतात.