'अनुभव : निरंक' लिहिण्यापूर्वी

बारावी किंवा पदवी होऊन नोकरीच्या शोधात असलेल्या आपल्या मुलामुलींचे बायोडाटा पाहण्याचा योग मला नेहमी येतो. झेरॉक्सच्या दुकानातून तयार नमुना आणायचा आणि नाव-गाव बदलून तोच भरायचा, अशी रीत पडली आहे. त्यामुळे तिरोड्याच्या मुलाचा आणि देवरीच्या मुलीचा बायोडाटा शब्दशः सारखा असतो. दोघेही 'कष्टाळू, प्रामाणिक व जिद्दी', दोघांचाही छंद वाचन, आणि दोघांच्याही अनुभवाच्या रकान्यात एकच शब्द : निरंक.

'कष्टाळू' हा शब्द खोटा नाही, पण तो आळशी माणूसही लिहू शकतो. 'निरंक' मात्र बहुतेक वेळा खोटा असतो.

आपल्या घरातली मुले लहानपणापासून काम करतात. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फडीवर फडीमुन्शीच्या हाताखाली बसलेला मुलगा ७० पानांचे पुडे मोजून घेतो, मजुरांच्या नावे नोंदी करतो, संध्याकाळी हिशेब जुळवतो. कोणी राईस मिलमध्ये धानाच्या पोत्यांची आवक-जावक लिहितो. आईच्या बचत गटाचे रजिस्टर तर बहुधा मुलगीच लिहिते, बँकेची स्लिपही तीच भरते. नेमणूकपत्र मिळाले नाही म्हणून हा अनुभव नव्हे काय? सरळ लिहा : 'तेंदूपत्ता संकलन केंद्रावर दोन हंगाम मोजणी व नोंदणीचे काम.' रोज किती मजुरांचा हिशेब पाहिला, तो आकडाही घाला. आकडा खरा असावा, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. फुगवून 'सुपरवायझर' लिहिणाऱ्याची तेथेच फजिती होते.

'टायपिंग येते' याचाही काही अर्थ होत नाही. मराठी ३० की ४० शब्द प्रतिमिनिट, परीक्षा कोणत्या साली उत्तीर्ण केली, हे लिहावे. एम.एस.सी.आय.टी.चेही तसेच. आणि हा बायोडाटा नोकरीचा आहे, लग्नाचा नव्हे. वर्ण, उंची आणि मामाकुळ यांचे तेथे काही काम नाही.

धर्म आणि जात लिहावी का, असे पालक विचारतात. सरकारी अर्जात रकाना असेल तर जातीच्या प्रमाणपत्रावर जे शब्द आहेत तेच, अक्षर न बदलता लिहावेत. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला, तेव्हा धर्म 'बौद्ध' लिहिल्याने हक्क जाईल ही भीती नको. खाजगी नोकरीच्या बायोडाटात मात्र दोन्हींची गरज नाही.

अर्थात, न लिहिताही आडनाव बोलतेच. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक होता तो नावांचा. दलित वाटणाऱ्या नावाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या सुमारे दोन तृतीयांश निघाली. म्हणून आडनाव गाळा, असा सल्ला काही जण देतात. मला तो मान्य नाही. मार्कशीटवर तेच नाव आहे, आणि ते लपवण्यासारखेही नाही. या भेदभावाचे उत्तर बायोडाटात सापडणार नाही, तो लढा वेगळा आहे. पण ज्याला आपल्याला नाकारायला एक निमित्त आधीच मिळालेले आहे, त्याच्या हाती 'निरंक' हे दुसरे निमित्त आपणच का द्यावे?

ज्यांनी फडीवर किंवा मिलमध्ये काम केले आहे, त्यांनी ठेकेदाराकडून अथवा मालकाकडून साध्या कागदावर चार ओळी सही-तारखेनिशी लिहून घ्याव्यात. फडीचे काम संपण्याआधीच घ्याव्यात, कारण हंगाम सरला की ठेकेदार शोधूनही सापडत नाही.