आगगाडीचा खेळ आणि आपली मोकळी खोली



प्रयोगशाळेशेजारची सामानाची खोली यंदा रिकामी झाली आहे. ती जादा तासांसाठी वापरावी असे काही पालकांचे म्हणणे आहे. माझे मत वेगळे आहे. त्या खोलीत मुलांनी आगगाडीची चालती प्रतिकृती उभारावी. ‘मुख्याध्यापक आता खेळण्यातल्या गाड्या चालवणार का?’ असा प्रश्न येणारच, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

हा छंद खेळण्यातूनच जन्मला. जर्मनीच्या मार्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत ठराविक मापाचे, एकमेकांना जोडता येणारे रूळ मांडले. आज इंजिन, पुढल्या वर्षी दोन डबे, असा संच वाढवता येऊ लागला. पुढे मोठी माणसेही त्यात रमली आणि सिग्नल, सांधे, वेळापत्रक सारे खऱ्यासारखे करू लागली. अमेरिकेत एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी १९४६ मध्ये असा क्लब काढला. टेलिफोनचे रिले जोडून सांधे हलवता हलवता त्यातली काही मुले संगणकाकडे वळली. ‘हॅक’ हा शब्द संगणकाच्या जगात रुजला तो बराचसा याच मंडळींमुळे. आपल्याकडे पुण्यात, कोथरूडला, भाऊ जोशी यांनी हा छंद जोपासला आणि त्यातून १ एप्रिल १९९८ रोजी छोट्या रेल्वेचे संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. सहलीच्या यादीत ते अवश्य असावे.

आता आपल्या खोलीचे. सर्वात प्रचलित ‘एचओ’ मापात प्रत्येक वस्तू ८७ पट लहान करतात. युरोपातील रुळांमधले अंतर १,४३५ मिलिमीटर, म्हणून एचओचे रूळ १६.५ मिलिमीटरचे. आपले ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचे. त्याला १९ मिलिमीटरहून थोडे अधिक हवे. म्हणजे तयार रुळांवर आपली गाडी मापात बसतच नाही. पण बेळगावची जुनी मीटरगेज? १,००० ला ८७ ने भागा, साडेअकरा येतात. आणि मीटरगेजसाठी परदेशात १२ मिलिमीटरचे रूळ बनतात. गुणोत्तराचे गणित फळ्यावर न जमणारा मुलगा हे चटकन करतो, असा माझा अनुभव आहे.

माझ्या मनात लोंढा–कॅसलरॉक–कुळे हा मार्ग आहे. कॅसलरॉकखालचा घाट सुमारे २६ किलोमीटरचा, चढ ३७ ला १. ८७ पट लहान केला तरी तो ३०० मीटर भरेल, आपल्या मैदानातही मावणार नाही! मग काय ठेवायचे, काय गाळायचे? दूधसागर तर हवाच, पण बोगदे किती? हे मुलांनी भांडून ठरवावे. स्टेशनाच्या पाटीवर कोणती भाषा, हा वाद आपल्या भागात आधी निघेल. त्याला माझे उत्तर सोपे आहे: जुने छायाचित्र शोधा, पाटी जशी होती तशी लिहा.

घाई एवढ्याचसाठी की मीटरगेज १९९०च्या दशकात उखडली गेली. तिच्यावर काम केलेले गार्ड, सांधेवाले आज वृद्ध झाले आहेत. निपाणीकडून येणाऱ्या मुलांच्या गावाला तर आजही रेल्वे नाही.

खर्चाची विश्वस्तांना काळजी आहे, ती रास्त आहे. परदेशी इंजिन महाग पडते, ते पहिल्या वर्षी नकोच. पुठ्ठा, प्लायवूड, कागदाचा लगदा यांत घाट व फलाट उभे राहतील. विज्ञान प्रदर्शनासाठी दरवर्षी बापाने रात्री जागून चिकटवलेले आणि चार दिवसांत रद्दीत जाणारे थर्माकोल यापेक्षा स्वस्त नसते. ही प्रतिकृती मात्र दहावीची मुले आठवीच्या मुलांच्या हाती सोपवून जातील. मोडेल ते तीच दुरुस्त करतील.

निर्णय विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत होईल. तोवर ज्यांच्या घरी लोंढा, बेळगाव वा घाटातील मीटरगेजची जुनी छायाचित्रे असतील त्यांनी ती कार्यालयात आणून द्यावीत. नकला काढून परत केली जातील.