मुक्याचें असत्य

'आउट ऑफ द पास्ट' हा जॅक टूर्नर यांनीं दिग्दर्शित केलेला अमेरिकन बोलपट १९४७ सालचा. पिस्तुलें, पाठलाग आणि खून यांची त्यांत रेलचेल. म्हणून तो पाहावयास बसतांना आम्ही थोडे नाखूषच होतों. उठलों तेव्हां मात्र एक प्रश्न मनांत घर करून राहिला होता.

कॅलिफोर्नियांतील ब्रिजपोर्ट या लहानशा गांवीं जेफ बेली हा गृहस्थ पेट्रोलपंप चालवितो. हाताखालीं एक मुकाबहिरा मुलगा आहे. गांवांतील ॲन या सुशील मुलीशीं लग्न करावें, अशी त्याची मनीषा आहे. एके दिवशीं जुन्या ओळखीचा एक इसम दारांत उभा राहतो, आणि 'बेली' हें नांवच खोटें ठरतें. पूर्वीं हा न्यूयॉर्कमध्यें खाजगी गुप्तहेर होता. एका जुगारी धनिकास गोळी घालून, चाळीस हजार डॉलर घेऊन पळालेल्या कॅथीच्या शोधार्थ तो मेक्सिकोंत गेला आणि तिच्याच मोहांत सांपडला. पुढें तिनें त्याच्या भागीदाराचा खून केला. यानें तो दडविला.

जेफ हें सर्व ॲनला स्वमुखानें सांगतो. परंतु फार उशिरां. नांव बदलल्यानें कर्माचें खातें बदलत नाहीं. अखेरीस पोलिसांस गुपचूप वर्दी देऊन तो कॅथीसह मोटारींत बसतो. पुढें रस्ता अडविलेला दिसतांच ती त्याला गोळी घालते, आणि पोलिसांच्या गोळीबारांत स्वतःही मरते.

नंतर ॲन त्या मुलास विचारते, "तो तिच्याबरोबर पळून चालला होता का?" मुलगा मान हलवून 'होय' सुचवितो. धडधडीत असत्य! पण त्यामुळें ती मृताच्या स्मृतिपाशांतून सुटते.

जेफनें सत्य झांकलें तें स्वतःस वाचविण्यासाठीं. मुलानें झांकलें तें दुसऱ्यास सोडविण्यासाठीं. महाभारताच्या कर्णपर्वांतील कौशिकानें दरोडेखोरांनाही खरेंच सांगितलें. त्यांत निरपराध्यांचा घात झाला आणि तो नरकास गेला. तेव्हां मुलास दोष देण्यास आमचें मन धजत नाहीं. परंतु या असत्याची किंमत दिली मृताच्या अब्रूनें. मुलाला तें उमगलें असावें. पंपावरील पाटीवरच्या त्या नांवाकडे पाहून तो सलाम करितो. जेफनें तर होकारच दिला असता.

पण ॲनला कोणीं विचारलें? 'तिच्या भल्यासाठीं' म्हणून आपल्या घरांतूनही मुलींपासून बरेंच कांहीं झांकलें जातें. हें दयेचें असत्य त्यांना हवें असतें काय? वाचकभगिनींनीं आपला अभिप्राय अवश्य कळवावा.