अनुदिनी लिहिणारांस

संगणकावर अनुदिनी, म्हणजे जाहीर रोजनिशी, लिहिणारास अभिप्रायांपेक्षां अनाहूत जाहिरातीच फार येतात. (जाहिरातदारास वाचक नको, गिऱ्हाईक हवें !) हा उपद्रव जुना : मे १९७८ मध्यें अमेरिकेंतील एका संगणक-विक्रेत्यानें सुमारें ४०० जणांस न मागतां जाहिरात धाडिली. त्रासून कोणी अभिप्रायांचें दारच लावून घेतात. तें आम्हांस पसंत नाहीं. त्या केरांतच एखादा खरा वाचक दडलेला असतो. त्या जाहिरातीच्या बरोबर १०० वर्षें आधीं, मे १८७८ मध्यें, माधवराव रानडे व लोकहितवादी यांनीं पुण्यास ग्रंथकारांस एकत्र बोलाविलें. त्याच परंपरेंतील ८९ वें साहित्यसंमेलन २०१६ सालीं आमच्या पिंपरींत भरलें. घरीं एकटे लिहिणाऱ्या मुलांनींहि महिन्यांतून एकदां शाळेच्या वाचनालयांत समोरासमोर बसावें, आणि पालकांनीं त्यांस येऊं द्यावें.