निवडुंगास हिंवाळ्यांत कांचघर कशाला?

ड्रॅगन फळाची लागवड करूं इच्छिणारे कांहीं शेतकरी बंधु आम्हांस विचारतात कीं, हें झाड परदेशी निवडुंगाचें, तेव्हां आपल्याकडील थंडींत त्याचा निभाव लागेल काय, आणि त्यासाठीं कांचेचें किंवा प्लास्टिक कागदाचें घर उभारावें काय? प्रश्न हजारों रुपयांच्या कर्जाचा असल्यामुळें आम्हीं आमचें मत स्पष्टपणें सांगतों. तसें घर बांधूं नये.

ड्रॅगन फळ हा निवडुंगच आहे. मेक्सिको व मध्य अमेरिका हें त्याचें मूळ घर. गुजरात सरकारनें २०२१ सालीं त्यास ‘कमलम्’ असें नांव दिलें. परंतु फेरफार होऊन सात-बाऱ्यावर नांव बदललें म्हणून जमिनीचा कस बदलत नाहीं, त्याप्रमाणेंच झाडाचा स्वभावहि नांवानें पालटत नाहीं. तो स्वभाव ओळखला म्हणजे निम्मा खर्च वांचतो.

युरोपांत हिंवाळ्यांत पारा कित्येक दिवस शून्याखालीं राहतो. झाडांतील पाणी गोठून पेशी फुटतात, म्हणून तेथील हौशी लोक निवडुंग कांचघरांत, किंवा वर कांचेचें झांकण असलेल्या पेटींत ठेवितात. आमच्या बाळापुरांत डिसेंबर-जानेवारींत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास, एखाद्या वर्षीं त्याहून खालीं उतरतो, आणि दुपारीं पुन्हां ३० अंशांच्या जवळ जातो. एवढ्या थंडीनें निवडुंग मरत नाहीं. तो मरतो तो थंडींत दिलेल्या पाण्यानें. थंडी पडली म्हणजे त्याची वाढ थांबते व मुळें पाणी फारसें ओढीत नाहींत. मग ओल्या मातींत बुरशी शिरून मुळें कुजतात. उलट, झाड कोरडें ठेविलें तर त्याचा रस घट्ट होतो आणि थंडी सोसण्याची शक्ति वाढते. शिवाय निवडुंग आपलीं छिद्रें दिवसां मिटून रात्रीं उघडतो व हवा घेतो. त्यास थंड, मोकळी रात्र मानवते.

याचा अनुभव आम्हीं स्वतः घेतला आहे. जुन्या खिडकीचीं तावदानें लावून आम्हीं एक पेटी केली आणि पांच कुंड्या तींत ठेविल्या. जानेवारींतील एके दिवशीं झांकण उघडण्यास दुपार झाली. आंत वाफ कोंडून कांचेवरून पाणी ओघळत होतें. आठवड्यांत तीन झाडें बुडाशीं मऊ पडलीं. दोष थंडीचा नव्हता, आमचाच होता. पेटींत आतां मुलें पतंग ठेवितात.

खरें भय आमच्या जमिनीचें आहे. पूर्णेच्या खोऱ्यांतील हा खारपाणपट्टा; काळी, चिकण माती, पाणी धरून ठेवणारी, आणि विहिरीचें पाणी खारें. शेजारच्या हरभऱ्यास ओलीत दिलें कीं ओल पाझरत निवडुंगाच्या मुळांशीं येते. म्हणून झाड उंच वरंब्यावरच लावावें, दोहों बाजूंस चर काढावे, आणि चार बोटें खोल माती सुकल्याशिवाय हिंवाळ्यांत ठिबक सोडूं नये. ज्याच्या शेतांत पावसाचें पाणी दोन-दोन दिवस सांचून राहतें, त्यानें ही लागवड करूंच नये, असें आम्हांस वाटतें.

कोणी म्हणेल, आपला फड्या निवडुंग तर कशांतहि वाढत असे! खरें आहे. तो इतका माजला कीं १९२६ सालीं सिलोनांतून कोचिनील जातीचा किडा आणून त्याचा नायनाट करावा लागला. त्यास कोणीं कांचघर बांधून दिलें नव्हतें. परंतु फड्या उघड्या रानांतला, आणि ड्रॅगन फळ मूळचें जंगलांत झाडांवर चढणारें, सावलींत वाढणारें. त्याचा शत्रु थंडी नसून आमचा वैशाख आहे. मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर गेला म्हणजे खोडाची उन्हाकडील बाजू पिवळी पडते व पुढें सडते. तेव्हां खर्च करावयाचाच तर सावलीच्या जाळीवर करावा. मार्चअखेर ती ताणावी, पाऊस स्थिरावल्यावर काढावी. बारामतीजवळ माळेगांव येथील केंद्रीय संस्थेंत या फळावर संशोधन झालें आहे. लावणीपूर्वीं ती माहिती अवश्य मिळवावी. अकोल्याचें कृषि विद्यापीठ तर आपल्या दाराशींच आहे.

कांचेविषयीं आणखी एक गोष्ट. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें विदर्भ-मराठवाड्यांत गारपीट झाली, ती वाचकांच्या स्मरणांत असेलच. तशा गारांपुढें कांच किती वेळ टिकणार? अनुदान मिळालें तरी आपल्या हिश्शाची रक्कम आपणांसच फेडावी लागते, आणि फुटलेल्या कांचेवर हप्ता माफ होत नाहीं.

ज्यांच्याकडे केवळ शोभेच्या चार कुंड्या आहेत त्यांनीं दिवाळीनंतर पाणी तोडीत आणावें, कुंड्या पडवींत दक्षिणेच्या उन्हाला ठेवाव्या, आणि अवकाळी पावसाचें आभाळ आलें तर आंत घ्याव्या. खोड जरा सुरकुतलें तरी घाबरूं नये. फाल्गुनांत ऊन चढूं लागलें कीं थोडें थोडें पाणी द्यावें, म्हणजे तें पुन्हां भरतें.