खुब्याचा आवाज आणि रुग्णाचा हक्क

मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता नाशिकमध्ये द्वारका चौकात एकत्र येतात. सिन्नरचा, चांदवडचा, मालेगावचा रुग्ण याच वाटेने शहरातील रुग्णालये गाठतो. खुबा झिजलेल्या शेतमजुराला वा हमालाला तेथे सांधा बदलण्याचा सल्ला मिळतो. परंतु जो सांधा जन्मभर शरीरात वागवायचा, तो कशाचा बनलेला आहे, हे त्याला कोण सांगतो? प्रश्न वरवर तांत्रिक दिसला, तरी तो हक्काचा आहे.

कृत्रिम खुब्यात मांडीच्या हाडाला जोडलेला गोळा कमरेच्या हाडात बसवलेल्या वाटीत फिरतो. धातूचा गोळा व पॉलिथिलीनची वाटी ही रचना ब्रिटनमधील जॉन चार्न्ली यांनी १९६०च्या दशकात रूढ केली. फ्रान्समध्ये पिएर बूतँ यांनी १९७०मध्ये सिरॅमिकचा मार्ग खुला केला. सिरॅमिकवर सिरॅमिक फिरले तर झीज अत्यल्प होते; म्हणून तरुण, कष्टकरी रुग्णाला ते उपयुक्त ठरू शकते. मात्र वाटीचा कोन चुकला किंवा दोन पृष्ठभागांमधील ओलावा तुटला, तर काहींचा सांधा चालताना, वाकताना करकरतो. क्वचित सिरॅमिक फुटतेही. ही शक्यता शस्त्रक्रियेपूर्वीच सांगितली गेली पाहिजे.

आवाज न करणारा सांधा निर्दोष असतो, असेही नव्हे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचा 'एएसआर' खुबा धातूवर धातू घासणारा होता. त्यातून कोबाल्ट व क्रोमियम रुग्णांच्या रक्तात उतरत राहिले. ऑस्ट्रेलियात सांधेरोपणाची राष्ट्रीय नोंदवही असल्यामुळे धोका उघड झाला आणि २००९मध्ये तेथे तो बाजारातून गेला. जगभरातून तो ऑगस्ट २०१०मध्ये मागे घेण्यात आला. भारतात असे सुमारे ४,७०० खुबे बसवले गेले होते. केंद्र सरकारच्या तज्ज्ञ समितीने २०१८मध्ये अहवाल दिला, तोवर त्यांपैकी जेमतेम हजारभर रुग्णांचा माग लागला होता. उरलेल्यांची भरपाई दूरच, त्यांना धोक्याची सूचना तरी कोणत्या पत्त्यावर धाडायची?

किमतीचीही तीच कथा. ऑगस्ट २०१७मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांवर कमाल किमतीचे बंधन आले. कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यासाठी ५४,७२० रुपये ठरले. खुबा त्या आदेशातून वगळला गेला. जेथे किंमत मोकळी आणि माहिती बंद, तेथे 'निवड' हा शब्द रुग्णाची थट्टा ठरतो.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. बिलावर 'इम्प्लांट' एवढा एकच शब्द लिहून भागणार नाही. कंपनी, पदार्थ, बॅच क्रमांक आणि किंमत मराठीत लिहून रुग्णाच्या हाती पडली पाहिजे. प्रत्येक सांधेरोपणाची नोंद सक्तीची व्हावी. खुब्यालाही किंमतमर्यादा लागू व्हावी. कार्यकर्त्यांनी हा प्रश्न डॉक्टरांवर सोपवून स्वस्थ बसू नये. करकरणारा सांधा निदान बोलतो तरी. नोंदच नसलेला रुग्ण मात्र मुकाच राहतो.