टाकीत औषध कोण कालवतं?



फेब्रुवारी लागला की आमच्या ओरगडमच्या रस्त्यावर हिरव्या द्राक्षांच्या हातगाड्या दिसू लागतात. चेन्नईचं हे टोक म्हणजे गाड्यांच्या कारखान्यांचा मुलूख. शिफ्ट सुटली की रस्ता बसगाड्यांनी भरून जातो, आणि त्या गर्दीत हातगाडीवाला हाक मारतो, "अक्का, तिराट्चै!" तिराट्चै म्हणजे द्राक्ष. शब्दसुद्धा ओळखीचा, आणि 'अक्का' तर आमच्या सांगलीकडेही म्हणतात. त्या गाडीपाशी मला क्षणभर तासगावात उभं असल्यासारखं वाटतं. माझं सासर तिथलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इकडे आलो. बाग थोरले दीर आणि जाऊबाई सांभाळतात.

मागच्या वर्षी मी अशीच किलोभर द्राक्षं घेतली आणि शेजारच्या बाईंच्या मुलाच्या हातात एक घड ठेवला. त्यांनी तो हळूच काढून घेतला. म्हणाल्या, "राग मानू नका, पण या हिरव्या द्राक्षांवर फार औषध मारतात म्हणे. आम्ही आपली पन्नीर द्राक्षंच आणतो." पन्नीर म्हणजे थेनी जिल्ह्यातल्या कंबम खोऱ्यातली काळी, बियांची, गुलाबपाण्याच्या वासाची द्राक्षं. तिथे ती वर्षभर येतात, आणि २०२३ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. चवीला सुरेखच. पण फवारणी त्या बागांनाही चुकत नाही. हे मी बोलले नाही. कारण त्यांचा प्रश्न खोटा नव्हता, आणि मी त्याचं उत्तर एका सभेत ऐकलं होतं. आज तीच सभा तुम्हाला सांगायची आहे.

आपल्याकडे द्राक्षबागायतदारांच्या सभांची परंपरा जुनी आहे. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाला साठ वर्षं उलटून गेली. पुणे, नाशिक, सांगली आणि सोलापूर असे त्याचे चार विभाग. दरवर्षी ऑगस्टच्या सुमारास पुण्यात त्याचं मोठं चर्चासत्र भरतं. ऑगस्टच का? कारण द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यात पुढच्या पिकाची काडी तयार होते. आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, तिच्यानंतर घड येतात. एकदा कात्री चालली की चार महिने मान वर करायला फुरसत नसते. तेव्हा शिकायचं, विचारायचं, भांडायचं ते त्याच्या आधीच.

या सभांमधून पुष्कळ काही उभं राहिलं. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला तो याच विश्वासावर, की शेतकरी स्वतःच्या शेतात प्रयोग करू शकतो आणि एकमेकांना शिकवू शकतो. तासगावच्या द्राक्षशेतकऱ्यांमध्ये त्यांचं नाव आजही आदराने घेतात. 'तास-ए-गणेश' हा वाण तासगाव तालुक्यातल्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसच्या वेलींतून निवडला. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' आणि 'शरद सीडलेस' दिले. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झालं ते १९९७ मध्ये. म्हणजे हे केंद्र आलं त्याआधीपासून शेतकऱ्यांची डोळस नजर कामाला लागलेली होती.

पण याच शहाण्या माणसांना २०१० साली मोठा धक्का बसला. त्या हंगामात युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचे अंश तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडले. माल अडकला, नाकारला गेला, आणि वर्षभराच्या कष्टाचं पाणी झालं. शेतकरी याला 'सीसीसी' म्हणतात. वेलीची नुसतीच वाढ रोखून काडीत घड धरावेत म्हणून ते खरड छाटणीनंतर, उन्हाळ्यात मारत. फळ तर सहा-आठ महिन्यांनी येणार, तोपर्यंत काय उरणार, असा सगळ्यांचा हिशेब. निर्यातीपूर्वीच्या तपासणीच्या यादीत त्याचं नावही तेव्हा नव्हतं. पण ते वेलीत राहिलं आणि फळात उतरलं. उन्हाळ्यात केलेलं काम पुढच्या वर्षी परक्या देशातल्या प्रयोगशाळेत दिसलं.

त्यानंतर द्राक्षवाल्यांच्या सभेत एक प्रश्न कायमचा येऊन बसला: शेवटी फळात काय उरतं?

आता माझी सभा. दोन वर्षांपूर्वी नागपंचमीला मी गावी गेले होते. त्याच आठवड्यात तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात चर्चासत्र होतं. दीर म्हणाले, "चला की वैनीसाहेब, तुमची थोरली जाऊ पण येतीया." खरं तर जाऊबाईंना मीच ओढून नेलं. पाचशे खुर्च्यांत बायका असतील दहा-बारा, त्याही शेवटच्या रांगेत. पडद्यावर तक्ते सरकत होते. औषधाचं नाव, लिटरला किती, आणि शेवटच्या रकान्यात 'पीएचआय', म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवस गेले पाहिजेत तो आकडा. पुढच्या रांगांतले लोक मोबाइलवर फोटो काढत होते.

प्रश्नांची वेळ झाली तेव्हा जाऊबाई उभ्या राहिल्या. मला वाटलं, पाणी प्यायला निघाल्या. पण त्या म्हणाल्या, "सायेब, हे सगळं तुम्ही मालकांना सांगताय. टाकीत औषध मी कालवते. बाटलीवरची अक्षरं मुंगीएवढी. आणि मालक तर फोटो घेऊन गावभर फिरत्यात. मला कोण सांगायचं?"

हशा पिकला. माझे दीरही हसले, पण कानापर्यंत लाल झाले.

शास्त्रज्ञ मात्र हसले नाहीत. ते व्यासपीठावरून खाली उतरले, शेवटच्या रांगेपाशी आले आणि एक रिकामा डबा हातात घेऊन दाखवू लागले. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. "हा रंग तुमच्या हाताला आणि श्वासाला सांगतो की किती सांभाळायचं. हातमोजे आणि तोंडाला फडकं हिरव्यालासुद्धा. पण किती दिवस थांबायचं ते रंग सांगत नाही. हिरवा आहे म्हणून उद्या तोडला असं करू नका. ते दिवस लिहूनच ठेवायचे." मग त्यांनी विचारलं, "घरात दिनदर्शिका कुठे टांगता?" जाऊबाई म्हणाल्या, "चुलीच्या वर." ते म्हणाले, "तिथंच लिहा."

एवढंच. त्या दिवसाच्या सभेत याहून अवघड गोष्टी पुष्कळ झाल्या. पण आमच्या घरी आली ती ही एक.

तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर फवारणीच्या दिवशी लाल फुली पडते, आणि पुढचे दिवस मोजून जिथे काढणी चालेल तिथे हिरवा गोल. औषधाचं नाव पुतणी लिहिते. ती नववीत आहे.

त्याच हंगामात कसोटी लागली. घडांत मिलीबग शिरला म्हणून शेवटी एक फवारणी करावी लागली. दोनच दिवसांनी व्यापारी दारात. भाव चांगला, चार किलोच्या पेटीमागे इतरांपेक्षा तीस रुपये जास्त. अट एकच, माल बुधवारी तोडायचा. वर आभाळ भरून आलेलं. पाऊस पडला तर मणी तडकणार, आणि सोसायटीचं कर्ज कुणाला चुकलंय? दीर हो म्हणायला आले होते. जाऊबाईंनी त्यांना आत बोलावलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं. हिरवा गोल पुढच्या सोमवारी होता.

दीर म्हणाले, "हा माल काय परदेशी चाललाय? कोण बघतंय?" निर्यातीच्या बागेची नोंद होते, मालाची तपासणी होते. आपल्या बाजारातली प्रत्येक पेटी कुणी तपासत नाही, हे खरंच आहे. जाऊबाई म्हणाल्या, "आपली धाकटी मद्रासला गाडीवरनं द्राक्षं घेती. तिची पोरं खात्यात."

व्यापारी निघून गेला. पाऊस शिंतडून गेला, तडकले ते थोडेच मणी. पण सोमवारी दुसऱ्या व्यापाऱ्याने पेटीमागे जो भाव दिला तो चाळीस रुपयांनी कमी होता. त्या वर्षी पुतणीची सायकल राहिली. जाऊबाई शहाण्या ठरल्या आणि देवाने भरभरून दिलं, असं काही झालं नाही. नुकसान झालं, आणि ते त्यांनी सोसलं. मला फोनवर एवढंच म्हणाल्या, "झोप लागली, बघ."

म्हणून वाचकहो, शेजारणीला मी पुढे काय सांगितलं ते तुम्हालाही सांगते. द्राक्षं खाण्याआधीच धुवा, वाहत्या पाण्याखाली, हलक्या हाताने चोळून. साबण वापरू नका. मण्यांवर दिसणारी पांढरट लव बहुतेक वेळा औषध नसते. तो द्राक्षाचा स्वतःचा मेणासारखा थर असतो, आणि तो ताजेपणाची खूण आहे. मात्र काही औषधं वेलीच्या आत भिनतात, ती कितीही धुतली तरी जात नाहीत. त्यांच्यावर उपाय एकच, बागेतलं कुणीतरी थांबलेलं असणं. ते थांबणं कुणाला परवडतं आणि कुणाला नाही, याचा विचार गाडीवाल्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करताना एकदा करा.

आणि तुमच्या घरी शेती असेल, मग द्राक्ष असो, डाळिंब असो की टोमॅटो, तर यंदाच्या चर्चासत्राला जोडीने जा. टाकीत औषध जो कालवतो, घड जो हाताळतो, त्याला पुढच्या रांगेत बसवा. तक्त्याचे फोटो काढा, पण घरी आल्यावर त्यातला एक तरी आकडा भिंतीवर उतरवा.

या फेब्रुवारीत शेजारच्या बाई स्वतःच गाडीपाशी भेटल्या. त्यांनी पाव किलो हिरवी द्राक्षं घेतली. फक्त पाव किलो. मुलाला घड देण्याआधी त्यांनी मला विचारलं, "तुमच्या वहिनींच्या बागेतली आहेत का?"

मी म्हटलं, "ते काही सांगता येत नाही. पण धुऊन द्या."